प्रश्नावली भरून झाली, आता ड्यूटीचा तक्ता बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. कळकळ होती, पण उपायांची गाडी ध्यान, छंद आणि समुपदेशनापाशीच थांबली. मी निवृत्त परिचारिका. वॉर्डाची इनचार्ज म्हणून ड्यूट्या लावण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हे पत्र.

रात्रपाळीनंतर सकाळचा राऊंडही उरकलेली एक निवासी डॉक्टर माझ्या टेबलापाशी बसून कुठल्याशा अभ्यासाची प्रश्नावली भरत होती. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागायला त्रास झाला का, असा प्रश्न आला. ती म्हणाली, "सिस्टर, आडवं व्हायला मिळालं तर कळेल ना!" आणि तिने 'अजिबात नाही'वर खूण केली. पुढच्या पानावर पेनाची रेघ तिरकी घसरत खाली गेली होती. बसल्या जागीच डोळा लागला होता. कागद तसाच जमा झाला. कुठल्या तरी टक्केवारीत तिची झोप उत्तम म्हणून धरली गेली असेल.

संशोधनाला मी नावं ठेवत नाही. 2016 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात 43 देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी 27.2 टक्क्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं, 11.1 टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार. आणि चाचणीत नैराश्य दिसलेल्यांपैकी उपचार घेणारे जेमतेम 15.7 टक्के. यात मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे समुपदेशकाची खोली विभागप्रमुखांच्या केबिनसमोरच होती. कोण जाणार?

'बर्नआउट'ची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस पार थकून जाण्याची, आकडेवारी तर आणखी विस्कटलेली. 2018 च्या एका आढाव्यात डॉक्टरांमधलं त्याचं प्रमाण कुठे शून्य, तर कुठे 80.5 टक्के निघालं. 182 अभ्यास आणि व्याख्या किमान 142! प्रत्येकाची फूटपट्टी निराळी.

मला पटलेला अभ्यास 2010 मधला, अमेरिकेतल्या 13 रुग्णालयांतल्या इंटर्नचा. संशोधकांनी मुलांना रुजू होण्याआधीच प्रश्न विचारले, तेव्हा नैराश्य होतं 3.9 टक्क्यांत. मग वर्षभर दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं, तर सरासरी 25.7 टक्के. मुलं तीच होती, मध्ये आलं ते काम. 'आजकालची पोरंच नाजूक' म्हणणाऱ्या वरिष्ठांनी हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहून बघावेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही, कामाच्या जागेशी निगडित गोष्ट म्हणूनच केली.

पण दोष फक्त वरिष्ठांच्या माथी मारून मी सुटत नाही. रात्रपाळी करून घरी गेलेल्या मुलीला, दुसरी कोणी रजेवर गेली म्हणून दुपारी परत बोलावण्याचे फोन मीच केले आहेत. 'माणसं नाहीत' हे उत्तर खरं असतं, म्हणूनच ते वर्षानुवर्षं खपतं. त्याची झळ कर्मचाऱ्यापाशीच थांबत नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अतिदक्षता विभागातल्या एका अभ्यासात, 24 तासांहून लांब ड्यूट्या असताना इंटर्नकडून गंभीर चुका 36 टक्क्यांनी जास्त झाल्या. नातेवाईक चिडतात ते त्या मुलावर. त्याची ड्यूटी लावणारा कुणाला दिसतही नाही.

आमच्याकडे एकदा तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवलं होतं. वेळ दुपारी दोनची, हजेरी सक्तीची. रात्रपाळी केलेल्या सगळ्यांना झोपेतून उठवून आणलं. वक्ते छान बोलले म्हणे. अर्धं सभागृह खरोखरच तणावमुक्त होऊन घोरत होतं.

तेव्हा एक विनंती. या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा प्रश्नावल्यांच्या निकालाबरोबर कुठल्याही एका विभागाचा महिन्याचा ड्यूटी-तक्ता मागवा, आणि त्याच महिन्याचं सह्यांचं रजिस्टरही. तक्त्यात साप्ताहिक सुट्टी असते, रजिस्टरात त्याच दिवशी सही सापडते. आमच्या वॉर्डाची ही दोन्ही दप्तरं मीच सांभाळायचे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका