गुड फ्रायडेला शुभेच्छा नकोत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी गुड फ्रायडेच्या सकाळी मोबाइलवर निरोप सुरू होतात, ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा!’ सोबत फुलांची चित्रे. यंदा तर आमच्या चौकात तसा फ्लेक्सही लागला होता. पाठवणाऱ्यांच्या मनात आपुलकीच असते, हे मी जाणते. म्हणून तर लिहिते आहे. परक्याला कोण सांगायला जाते?

येशूला क्रुसावर खिळले, तो हा दिवस. शुभेच्छा ईस्टरच्या रविवारी जरूर द्या, तो पुनरुत्थानाचा सण. शुक्रवारी मात्र आम्ही बारा ते तीन चर्चमध्ये बसतो. क्रुसावरून प्रभूने उच्चारलेल्या सात वाक्यांवर मनन होते, मधेमधे मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने होतात. तुमची प्रार्थना इंग्रजीतच असेल ना, असे अजूनही विचारतात. टिळक १९१९ साली गेले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर इथले, नाशिकजवळचे जलालपूर. आमच्या घरी आजीपासून सगळ्यांनी देवाशी मराठीतच बोलणे केले.

सातांपैकी पाचवे वाक्य आहे, ‘मला तहान लागली आहे.’ मी ३४ वर्षे नर्स होते, बरीचशी सर्जिकल वॉर्डात. पोटाचे ऑपरेशन झाल्यावर लगेच तोंडाने पाणी देता येत नाही. पेठकडची एक म्हातारी रात्रभर विनवत होती, ‘बाई, एक घोट दे गं.’ उशाखाली सप्तशृंगीचा फोटो. मी गॉज भिजवायचे, पिळायचे आणि तिच्या ओठांवरून फिरवायचे. ओठांची सालपटे निघाली होती. ती तो गॉज चोखायला बघायची आणि मला तो काढून घ्यावा लागायचा. ‘प्रभू, हिला सकाळपर्यंत धीर दे,’ एवढेच मनात म्हणायचे. हात कामात असताना केलेली ती प्रार्थना, पण गुडघे टेकून केलेल्या कितीतरी प्रार्थनांहून ती मला जवळची वाटते. सकाळी डॉक्टरांनी दोन चमचे पाणी द्यायला सांगितले. पहिला चमचा देताना माझाच हात कापत होता.

तहानलेल्या येशूच्या तोंडाला आंबेने, म्हणजे आंबट द्राक्षारसाने, भरलेला स्पंज लावला, असे बायबलमधल्या शुभवर्तमानात आहे. दर गुड फ्रायडेला ते वाचन सुरू झाले की मला तिचे ओठ दिसतात. चर्चमधून बाहेर येऊन मोबाइल उघडावा, तर त्यावर फुले आणि शुभेच्छा. काय उत्तर द्यावे कळत नाही.

आमच्या शेजारच्या वहिनी त्या दिवशी निरोप पाठवत नाहीत. आमचा उपास तीनला सुटतो हे त्यांना ठाऊक आहे. साडेतीनला लिंबू सरबताचा तांब्या घेऊन येतात, दारातच विचारतात, ‘झाली का उपासना?’

पुढच्या वर्षी त्या आठवड्यात आपल्या नाशिकच्या पानावर या दिवसाविषयी चार ओळींची चौकट छापाल का? फ्लेक्स लावणारेही आपलाच पेपर वाचतात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
शरणपूर, नाशिक