सुटी सिगारेट घेणाऱ्याला नंबर दिसणार कसा?

महोदय,

हर्णै बंदरात मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. वय एक्कावन्न. बावीस वर्षं सिगारेट ओढली, गेल्या दत्तजयंतीला सोडली. शिमग्यात पालखी नाचवली, जूनमध्ये बोटी वर ओढल्यावर दिवसचे दिवस इंजिनं खोलून बसलो, तरी हात लावला नाही. पुन्हा ओढली ती गणपतीत. जाखडी नाचून रात्री घामाघूम झालो, पोरं टपरीवर चहाला निघाली, मीही निघालो. पूर्वी तिथे पेटता सुंभ टांगलेला असे, आता दोरीला लायटर आहे. (सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यासाठीच.) एकच घेतली. अख्खं पाकीट घ्यावं लागलं असतं तर पैसे काढताना लाज वाटली असती. एक सुटी म्हणजे घेतल्यासारखी वाटतच नाही. आठवड्याभरात रोजच्या सहा झाल्या.

महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि विडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, हे मला दापोलीला कॉलेजात जाणाऱ्या मुलीने सांगितलं. सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचा इशारा दिसत नाही, म्हणून ही बंदी. अगदी खरं आहे. पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या इशाऱ्याचा असतो, पण मी कायम सुटीच घेतली. तिने रस्त्यावरचं रिकामं पाकीट उचलून दाखवलं, त्यावर सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर. २०१८ पासून छापतात म्हणे! इतकी वर्षं तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

फोन केला. तलफ काही मिनिटांची असते, तेवढा वेळ काढा, म्हणाले. मी तोंडात आमसूल धरतो आणि नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुवायला घेतो. ग्रीसच्या हातांनी सिगारेट धरवत नाही. पहिले तीन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. आज एकोणिसावा.

टपरीवाल्यावर माझा राग नाही, त्याचं पोट त्यावर आहे. त्याला ही बंदी कुणी येऊन सांगितलेलीच नाही. पोलिसांनी नाहीतर ग्रामपंचायतीने बंदरावर एक पाटी तरी लावावी.

आणि आपल्याला विनंती, हा नंबर पत्राखाली ठळक छापा. आपला पेपर आम्ही सगळे त्याच टपरीवर वाचतो. मी हल्ली तो उचलून समोरच्या पारावर नेतो.

– एक इंजिन मिस्त्री, हर्णै (ता. दापोली)