बाबांची झेन आणि मांडूची इमली

विन्या,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. दिवाळीपासून तुझे तीन मेसेज वाचून नुसते ठेवून दिलेत, कारण काही नाही, आळस. बाबांचा गुडघा तसाच, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, माझी शुगर बॉर्डरवर आहे. झालं तब्येत-पाणी.

विषय मारुती झेनचा आहे, बाबांच्या गाडीचा. हो, अजून तीच, १९९७ ची, एमपी ०९ वाली, मागचं डावं दार फक्त बाहेरून उघडतं ती. दहा-एक वर्षांपूर्वी इथे इंदूरला छप्पन दुकानवर उभं राहून तोंडात कचोरी धरून तू म्हणाला होतास, "याच्यात के-टेनचं इंजिन टाक ना भिया, बसतं." तू पुण्याला निघून गेलास आणि ते "बसतं" माझ्या डोक्यात बसलं.

झालं असं की गाडीचं ॲव्हरेज लिटरला ११ किलोमीटरवर आलंय. पेट्रोल इथे १०६ च्या वर, त्यात आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं. इथेनॉलमध्ये मुळात दम कमी, आणि आपला हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर बिचारा १९९७ सालचं पेट्रोल धरून बसवलेला, त्याला कुठून कळणार की आता मिश्रण बदललंय, इंजेक्शनवाली गाडी निदान सेन्सर बघून आपलं आपण थोडं जुळवून घेते. वर जुने रबरी पाइप त्या इथेनॉलने फुगतात. एक पाइप फुटला भंवरकुआँच्या सिग्नलला, बोनेटमधून पेट्रोलचा वास आणि मागे पन्नास जण हॉर्न वाजवतायत. त्याच दिवशी ठरवलं, इंजिन बदलायचं.

नवलख्यामागच्या गॅरेजवाल्या उस्तादांकडे गेलो. त्यांच्याकडे मागून ठोकलेली एक अल्टो के-टेन होती, पुढून एकदम टकाटक. सीसी जवळपास सारखेच रे, आपलं ९९३, ते ९९८. पण त्याला चारऐवजी तीन सिलिंडर, म्हणजे आतली घासाघीस कमी, वर बारा व्हॉल्व्ह, आणि टायमिंग बेल्टच्या जागी चेन. ती गाडी २०१० ला आली तेव्हा कंपनीचा ॲव्हरेजचा आकडा २०.२ होता, मी शहाणपणाने १८ धरला. इंजिन-गिअरबॉक्स मिळून ३५ हजार. ५ हजार ॲडव्हान्स देऊन आलो, आणि खरं सांगतो, घरी येताना शीळ घालत होतो.

मग एकेक करून "बसतं"चा अर्थ कळायला लागला. इंजिन बसतं, बाकी काही बसत नाही! इंजिन धरणारे माउंट नवीन बनवा. आपल्या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनावरच, कॅमच्या धक्क्याने चालणारा, कार्बोरेटरपुरतं कसंबसं पेट्रोल चढवतो. इंजेक्शनला तीन बारच्या आसपास प्रेशर लागतं, म्हणजे पंप टाकीत टाका, म्हणजे टाकी कापा. अल्टोचं अख्खं वायरिंग, ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि तो ईसीएम स्वतःच्या किल्लीशिवाय कोणाला ओळखत नाही म्हणून ती किल्लीसुद्धा. झेनचा गिअर रॉडने पडतो, त्याचा केबलने. एका बाजूचा चाक फिरवणारा ड्राइव्हशाफ्ट कापून जोडायचा म्हणाले, मी म्हटलं उस्ताद, १०० च्या स्पीडला जोड सुटला तर? म्हणाले, "सौ पे चलाता कौन है?" हे मात्र बरोबर आहे. आकडा ८५ हजारावर गेला.

हिशोब ऐक, तुझ्याशिवाय कोणाला सांगू, घरी सांगितला तर बायको वरणाच्या पळीने मारेल. महिन्याला मी ५०० किलोमीटर चालवतो. ११ ने साधारण ४८०० रुपयांचं पेट्रोल, १८ ने २९५० चं. वाचले साडेअठराशे. ८५ हजार वसूल व्हायला पावणेचार वर्षं. आणि आरसी आहे २०२७ पर्यंत! पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करायची असते, २०२२ ला ५ हजार भरले होते, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १० हजार केलेत.

आणि आरटीओ? आरसीवर इंजिन नंबर छापलेला असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण ते मी मनातल्या मनात सतरंजीखाली सारलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणे, कंपनीने दिलेली मूळ रचना बदलायची नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलंय. तेच, त्याच जातीचं इंजिन टाकायचं तर आधी परवानगी घेऊन टाकता येतं. कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन, चारच्या जागी तीन, हे कुठल्या तोंडाने सांगू? उद्या कोणाला ठोकलं तर इन्शुरन्सवाले हात वर करणार. हे छप्पनवर बोलला नाहीस तू. इंजिनिअर म्हणे.

आता मुख्य गोष्ट. शेवटी उस्ताद सहज म्हणाले, "मीटर बंद हो जाएगा, इस गिअरबॉक्स में केबल लगती ही नहीं." मीटरच्या केबलऐवजी त्याला सेन्सर असतो म्हणे. केबल म्हटल्यावर मला काय आठवलं असेल ते तुला माहीत आहे.

घरी येऊन बाबांना सांगितलं की इंजिन बदलायचंय. गाडी ते आता चालवत नाहीत, पण रोज सकाळी स्टार्ट करून पाच मिनिटं आत बसतात. मला वाटलं चिडतील. काही बोलले नाहीत, कपाटातून वही आणली. ती लाल पाठीची, ॲव्हरेजची. ऑडिटवाला माणूस, पहिल्या दिवसापासून टाकी फुल करायची आणि लिटर, किलोमीटर, सरासरी लिहायची. म्हणाले, "नव्या इंजिनाचं याच वहीत लिहायचं की वेगळी घेऊ?"

रात्री चाळत बसलो. पानंच्या पानं १५.६, १५.९, १६.१. सानंद संस्थेचं नाटक असलं की शेजारी "नाटक" असंसुद्धा. मग जुलै २००१.

"२७ लि. ३०२ कि.मी. ११.२. केबलचा नट ढिला. सीटखाली मांडूची इमली."

विन्या, मीटरची केबल, मांडूची ती गोरखचिंच, माणसाला सगळं कळलं होतं. आपण केवढे शहाणे, बाबांना न सांगता गिअरबॉक्सवरून पकडीने केबल काढली, मांडूला जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर मीटर हललं नाही, पाच लिटर टाकून गाडी जागेवर लावली आणि मानपूरपासून घरापर्यंत एकमेकांची पाठ थोपटत आलो. किलोमीटर लपवले, पेट्रोल कुठे लपवणार होतो? त्यांनी फक्त भागाकार केला.

आणि बोलले काहीच नाहीत. चोवीस वर्षं! पण आठव, त्या पावसाळ्यात दर रविवारी आपल्या दोघांकडून गाडी धुवून घेतली होती. पावसात. तू म्हणालास, "काका जरा सटकलेत का?" आणि आई आतून हसत होती, म्हणजे तिलाही माहीत होतं.

सकाळी वही टेबलावर उघडी ठेवली, त्याच पानावर. बाबा आले, चष्मा लावून पाहिलं, पान उलटलं आणि म्हणाले, "पोह्यांवर जिरावन कमी आहे."

तर मी काल उस्तादांकडे जाऊन के-टेनचा नाद सोडला. त्यांनी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं, तीन सिलिंडर ठीक, चौथ्यात निम्मंच. तेच इंजिन खोलायचं, रिंग-पिस्टन, व्हॉल्व्ह घासायचे, कार्बोरेटर साफ, पाइप सगळे इथेनॉल सोसणारे. २२ हजार सांगतायत. १४-१५ आलं तरी दीड-पावणेदोन वर्षांत वसूल, आणि नंबर तोच, केबल तीच. ॲव्हरेजचं माझ्या मनातून अजून पूर्ण गेलेलं नाही, १८ म्हणजे १८ रे. पण गाडी खोलली आहे, तिचं डोकं उस्तादांच्या बाकावर पडलंय आणि बाबा रोज रिक्षाने जाऊन शेजारी खुर्ची टाकून बसतात. उस्ताद वैतागलेत.

ॲडव्हान्सचे ५ हजार परत मिळणार नाहीत. अडीच तुझे, सल्ला तुझा होता.

सईचं बारावीचं काय झालं? फ्लॅटचा ताबा मिळाला का, की अजून बिल्डर पुढच्या महिन्यावर आहे? वहिनींना नमस्कार, त्यांच्या बदलीचं जमलं असेलच. फोन कर, पण रात्री नऊनंतर.

तुझा,
बंड्या

ता. क. इमली तूच सीटखाली विसरला होतास. चोवीस वर्षं नाही म्हणतोयस. पानाचा फोटो काढलाय.