व्हेनिसमध्ये छोट्या नावेऐवजी लाँचमध्ये बसवल्याबद्दल, आणि नंतरच्या फोनबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, युरोप सहल विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई.

विषय: सहलपत्रिकेत छापलेली ‘छोट्या बोटीतून अरुंद कालव्यांची सफर’ न दिल्याबाबत, त्या पैशांच्या परताव्याबाबत व तुमच्या ग्राहक सेवेच्या वागणुकीबाबत.

महोदय,

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला. राग आहे तोवर लिहून घेतो, कारण एकदा शांत झालो की मीही इतरांसारखा ‘जाऊ द्या’ म्हणून मोकळा होईन, आणि तुमचा सगळा कारभार त्या ‘जाऊ द्या’वरच चालतो असं आता माझं मत झालंय.

मे महिन्यात मी आणि माझी पत्नी तुमच्या युरोप सहलीला आलो होतो. बाकीच्या शहरांबद्दल माझी तक्रार नाही. जेवण बरं होतं, बसगाड्या चांगल्या होत्या. तक्रार व्हेनिसची आहे. तुमच्या पत्रिकेत त्या दिवसाखाली ठळक अक्षरांत छापलंय: ‘छोट्या बोटीतून व्हेनिसच्या ऐतिहासिक अरुंद कालव्यांची सफर, सहलशुल्कात समाविष्ट.’ शेजारी फोटो आहे. दोन्ही बाजूंना विटा उघड्या पडलेली घरं, मध्ये हिरवट पाणी आणि एक काळी नाव. फोटो तुमचाच आहे, माझा नाही.

प्रत्यक्षात बस ट्रोंकेत्तोच्या, म्हणजे शहराच्या कडेला जिथे बसगाड्या थांबतात त्या बेटाच्या, धक्क्यावर थांबली आणि आम्हाला एका भल्यामोठ्या मोटार लाँचमध्ये चढवलं. आमचा पूर्ण गट, आणखी दोन कंपन्यांचे गट, तरी बाकं रिकामी. बंद काचा. ही लाँच जुदेक्काच्या, म्हणजे शहराच्या दक्षिणेकडच्या मोठ्या कालव्याच्या, रुंद पात्रातून गेली आणि सान मार्को या मुख्य चौकाजवळच्या धक्क्याला लागली. अरुंद कालवा सोडा, उजवा काठ नीट दिसायला मान वळवावी लागत होती. उतरल्यावर तुमच्या टूर मॅनेजरने झेंडा वर करून जाहीर केलं, “झाली बरं का आपली बोट राईड!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

तुमचा व्यवसायच हा आहे, तेव्हा व्हेनिस काय आहे ते तुम्हाला शिकवायची पाळी माझ्यावर यायला नको होती. शंभरावर बेटं, चारशेच्या वर पूल, आणि त्यातले बहुतेक इतके बुटके की खालून छप्पर असलेली लाँच जाणारच नाही. म्हणजे वेळ कमी पडला, गर्दी होती, हवामान बिघडलं, असली कारणं इथे लागूच होत नाहीत. ज्या कालव्यांची सफर तुम्ही विकली त्यांत तुम्ही आणलेली लाँच शिरूच शकत नाही. हे त्या दिवशी सकाळी ठरलेलं नाही, पत्रिका छापली तेव्हाच ठरलेलं आहे.

आणि छोट्या नावेचा हट्ट हौसेपोटी नव्हता. त्या शहरात माल, पाहुणे, लग्नाची वरात, मयत, सगळं शतकानुशतकं पाण्यावरून गेलं. त्यामुळे जुन्या श्रीमंतांच्या वाड्यांची देखणी दर्शनी बाजू पाण्याकडे आहे, गल्लीकडे बहुधा साधी भिंत आणि मागचं दार. गल्लीतून चालणारा माणूस शहराची पाठ बघत फिरतो. मोठ्या बोटींना तर ते शहर स्वतःच कंटाळलंय: लाटांनी पाया खराब होतो म्हणून ओरड आहे, आणि १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या क्रूझ जहाजांना त्याच जुदेक्काच्या पात्रात बंदी आहे. ज्या पात्रातून जहाजं हटवली तिथूनच आम्हाला नेलं आणि त्याला ऐतिहासिक कालवे म्हणालात.

आता पुढचं. चौकात पोचल्यावर मॅनेजर म्हणाला, ज्यांना गोंडोला, म्हणजे तुमच्या फोटोतली ती काळी नाव, हवा त्यांनी माणशी ४० युरो द्यावेत, ते ‘ऑप्शनल’ आहे. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. तिथल्या महापालिकेने गोंडोल्याचा दर ठरवून दिलाय: दिवसा ३० मिनिटांना ९० युरो, माणशी नव्हे, अख्ख्या नावेला, आणि नावेत पाच जण. म्हणजे माणशी १८. पाच जणांचे तुम्ही २०० घेणार, नाववाल्याला ९० देणार, उरलेले ११० कोणत्या कालव्यात जातात ते तुमच्या हिशेबनीसाला विचारून कळवा. जे शुल्कात समाविष्ट म्हणून छापलं तेच पुन्हा दुपटीहून जास्त दराने विकणं याला आमच्या गावात जे म्हणतात ते पत्रात लिहिता येत नाही.

माझ्या पत्नीच्या गुडघ्यांना त्रास आहे. हे बुकिंगच्या फॉर्ममध्ये लिहिलेलं आहे, बघून घ्या. त्या शहरातला जवळजवळ प्रत्येक पूल म्हणजे चढायच्या पायऱ्या आणि उतरायच्या पायऱ्या. छोट्या नावेतून फिरवणार म्हणून तर ती यायला तयार झाली होती. दीड तास ‘फ्री टाइम’ दिलात. सान मार्कोच्या चौकात पायऱ्यांवर बसलं तर दंड, आणि हॉटेलात बसलं तर कॉफीचे वेगळे नि वाजंत्रीचे वेगळे पैसे. ती एका खांबाला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, “तुमी तरी बसून या.”

मी गेलो. रियाल्तोच्या मासळी बाजारापाशी, सांता सोफियाच्या धक्क्यावर, त्रागेत्तो नावाची नाव असते. ग्रँड कॅनाल, म्हणजे शहराच्या मधून जाणारा मुख्य कालवा, जवळपास पावणेचार किलोमीटर लांब आणि त्यावर पूल फक्त चार, म्हणून लोकांना या काठावरून त्या काठावर सोडायला ही सोय. बाहेरच्या माणसाला दोन युरो. पुढे एक वल्हवणारा, मागे एक, बाकी आम्ही उभे. मी वैनगंगेच्या काठचा माणूस. पूल व्हायच्या आधी डोंग्यात बसूनच पलीकडे जायचो, तेव्हा मला नावेतलं थोडंफार कळतं. आमच्याकडे ढिवर बांबू तळाला रोवून डोंगा पुढे ढकलतो. इथे वल्हं एका वाकड्यातिकड्या लाकडी खुंट्याच्या खाचेत नुसतं टेकवलेलं, दोरी नाही, कडी नाही. खाच बदलली की नाव थांबते, दुसरी बदलली की मागे येते. काठाला बांधलेले गोंडोले बघितले तर डावी बाजू उजवीपेक्षा चांगली फुगीर. २४ सेंटीमीटरचा फरक असतो म्हणे, म्हणून एकाच बाजूला वल्हं मारूनही नाव गोल फिरत नाही. हे सगळं दोन युरोत बघून आलो, तुमच्या कृपेशिवाय. पत्नीने काय बघितलं? लाँचची काच.

परत आल्यावर मी रीतसर ईमेल केला. ‘आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर त्याच मिनिटाला आलं, पुढे काही नाही. मग फोन सुरू झाले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी ‘सर, तुमची तक्रार पहिल्यापासून सांगाल का’. आणि मग आजचा.

आजचा फोन सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडे म्हणे सगळे कॉल रेकॉर्ड होतात. ताडून बघता येईल. आमच्याकडे रोवणी, म्हणजे तुमच्याकडची भातलावणी, चालू आहे. घरात रेंज येत नाही म्हणून मी बांधीच्या धुऱ्यावर उभा होतो. हात चिखलाचे, फोन स्पीकरवर. तुमचा मुलगा चांगलं मराठी बोलत होता, ‘काका, काका’ करत होता. मी सांगितलं, छोटी बोट छापली होती, मोठी दिली. तो म्हणाला, “काका, बोट तर दिली ना?” मी म्हटलं, अरुंद कालव्यांतून नेणार होता. तो म्हणाला, “काका, कालव्यातूनच गेली ना बोट? समुद्रातून तर नाही गेली?” मी म्हटलं, बाबा, पत्रिका समोर ठेवून बोल. त्यावर जरा थांबला, कीबोर्डचा आवाज आला, आणि मग म्हणाला, “काका, तुम्ही भंडारा जिल्ह्यातले ना? तुमच्याकडे तर गोसेखुर्दचा कॅनॉल आहे. रोज बघत असाल. मग तुम्हाला त्यात एवढं काय नवीन? पाणी ते पाणीच.” आणि मागे कोणीतरी हसलं. तो स्वतः हसला की नाही हे मला खात्रीने सांगता येणार नाही, पण मागे हसलं ते मी ऐकलं, आणि रोवणीवरच्या सगळ्या बायांनीही ऐकलं.

पाणी ते पाणीच. लाखो रुपये घेऊन लोकांना पाणी दाखवायला नेणाऱ्या कंपनीचा माणूस हे बोलतो. उद्या विमानात बसवून सांगाल, काका, आभाळ ते आभाळच, आल्प्स कशाला हवा?

आमच्या रोवणीतली एक म्हातारी कंबर सरळ करून म्हणाली, “त्याले म्हना मास्तर, आंधी आमच्या नहराले पानी सोड, मंग इटली दाखव.” गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची आहे. आमच्या शेतापर्यंतची चारी अजून कोरडी पडते. तेव्हा त्या कॅनॉलची थट्टा तुमच्या वातानुकूलित कार्यालयातून करू नका; ती करायचा हक्क आमचा आहे.

हे झाल्यावर तो म्हणाला की सदिच्छा म्हणून पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन देता येईल. पुढच्या सहलीवर! म्हणजे तुम्ही जे दिलं नाही त्याची भरपाई म्हणून मी तुम्हाला आणखी पैसे द्यायचे.

एक छोटी बाब राहिली. हॉटेल ‘व्हेनिसमध्ये’ छापलं होतं, मुक्काम मेस्त्रेत होता, बेटांवरच्या शहराला जोडणाऱ्या पुलाच्या अलीकडे, पक्क्या जमिनीवर. कागदोपत्री मेस्त्रे व्हेनिसच्याच महापालिकेत येतं हे मला माहीत आहे. तुम्हालाही आहे, म्हणून तर छापलंत. ठीक. पण मग महापालिकेच्या हद्दीत मुक्काम करणाऱ्याला दिवसभराच्या पाहुण्यांचं प्रवेश शुल्क माफ असतं, ते ५ युरो आमच्याकडून कशाचे घेतले? हॉटेल सांगताना आम्ही व्हेनिसमध्ये आणि पैसे घेताना व्हेनिसबाहेर, असं दोन्ही चालणार नाही.

वाईट याचं वाटतं की आम्ही तुमचे जुने ग्राहक. काश्मीरला तुमच्याच बरोबर गेलो होतो. शिकारा म्हणाला होतात, शिकाराच दिलात, चौघांमागे एक. तेव्हापासून आमच्या केंद्रातल्या किती शिक्षकांना मीच तुमचं नाव सुचवलंय. निवृत्त झालेला माणूस फंडाचा पैसा उचलून एकदाच एवढ्या लांब जातो. त्याला छोटी नाव सांगून लाँचमध्ये कोंबायचं आणि वर कॅनॉल दाखवायचा?

माझी मागणी अशी: बोट सफरीपोटी आकारलेली रक्कम दोघांची, प्रवेश शुल्काचे पैसे, आणि आजच्या कॉलबद्दल लेखी माफी, माझ्या नव्हे, माझ्या पत्नीच्या नावाने. कूपन नको. पंधरा दिवस वाट बघतो.

त्यानंतर मी भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तुमच्या अटींत शेवटी बारीक अक्षरांत ‘न्यायक्षेत्र मुंबई’ आहे, ते वाचलंय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझ्याकडे वेळच वेळ आहे. तुमच्या वकिलांना नागपूरहून एसटी मिळेल. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करतोय, आणि केंद्रातल्या शिक्षकांना कंपनीचं नाव आता कशासाठी सांगायचं ते मी ठरवलेलं आहे.

उत्तर लेखीच द्यावे. ग्राहक सेवेकडून फोन करवू नये.

एक सेवानिवृत्त शिक्षक,
ता. पवनी, जि. भंडारा

सोबत: सहलपत्रिकेच्या त्या पानाची झेरॉक्स (फोटोसह), पैसे भरल्याच्या पावत्या, गुडघ्यांची नोंद असलेला बुकिंग फॉर्म, लाँचच्या तिकिटाचा फोटो.