धरत नाहीत ते सामने

12 ऑगस्ट 2025

प्रिय मित्रा,

तुझा जुलैमधला मेसेज अजून तसाच आहे. "लीग सुरू झाली की सांग, तोवर नको." महिनाभर मी तुझं ऐकलं. येत्या शुक्रवारी अॅनफिल्डवर बोर्नमथविरुद्ध आपल्या लिव्हरपूलचा सीझन सुरू होतोय. त्याआधी हे सगळं तुला सांगितलं नाही, तर पुढे ते सांगायची वेळच येणार नाही. फोनवर मला नीट बोलता येणार नाही, म्हणून पत्र लिहितोय.

प्रीसीझन, म्हणजे लीगआधीचे हे तयारीचे सामने, तुला कधीच आवडला नाही आणि तुझं म्हणणं खोटंही नाही. खेळाडूंचे पाय जड असतात, सकाळी सराव करून संध्याकाळी सामना खेळतात, मध्यंतराला अख्खी टीम बदलते, शेवटच्या वीस मिनिटांत मैदानावर कोण कोण आहे हेसुद्धा कळत नाही. गुण नाहीत, टेबल नाही. काका शेजारी येऊन बसायचे आणि त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा, "हा सामना धरतात का रे?" आपण म्हणायचो, "नाही काका, फ्रेंडली आहे." "मग कशाला बघताय एवढं?" असं म्हणून ते शेवटच्या शिट्टीपर्यंत बसून राहायचे. 27 एप्रिलला आपण टॉटनहॅमला 5-1 हरवून लीग जिंकली, त्या रात्री त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि आपण दोघंही ओरडलो, "हा धरतात!" तो त्यांच्यासोबत पाहिलेला शेवटचा सामना असेल असं मला त्या रात्री वाटलं नव्हतं.

या जुलैत मी धरत नाहीत तेच सामने पाहिले. एकही सोडला नाही.

सुरुवात आपल्या दिएगो जोटापासूनच करावी लागेल. 3 जुलैला तो आणि त्याचा भाऊ कार अपघातात गेले, ती बातमी तुला माहीत आहेच, पण एक गोष्ट तू वाचली आहेस की नाही कोण जाणे. फुफ्फुसाची लहानशी शस्त्रक्रिया झाली होती म्हणून डॉक्टरांनी त्याला विमानप्रवास टाळायला सांगितलं होतं. तो भावाबरोबर कारने सांतांदेरला निघाला होता, तिथून बोटीने इंग्लंड गाठणार होता. लग्नाला अकरा दिवस झाले होते. तो प्रीसीझनच्या सरावासाठी परत येत होता रे. ज्या सामन्यांना आपण 'फ्रेंडली आहे' म्हणून झटकून टाकतो, त्यांच्यासाठी तो रात्रीचा गाडी चालवत निघाला होता. तेव्हापासून 'नुसता प्रीसीझन' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी, 4 जुलैला, कार्डिफमध्ये ओएसिस हा बँड सोळा वर्षांनी स्टेजवर आला. 'लिव्ह फॉरेव्हर'च्या शेवटी मागच्या पडद्यावर जोटाचा फोटो आला. बँडमधले, मँचेस्टर सिटीचे कट्टर चाहते असलेले दोन भाऊ आणि लिव्हरपूलच्या खेळाडूचा फोटो. मी ती क्लिप किती वेळा पाहिली हे सांगत नाही. त्याच्या पुढच्याच संध्याकाळी अॅस्टन व्हिलाच्या मैदानावर, व्हिला पार्कवर, ओझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला. त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडचे मूळचे चौघे तिथेच आसपासच्या गल्ल्यांत वाढले. सतराच दिवसांनी, 22 जुलैला, ओझी गेला. फुटबॉलची मैदानं रिकामी असतात त्या दिवसांत ती निरोपासाठी लागतात, हे यंदा दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा सोलमध्ये, ते पुढे सांगतो.

11 जुलैला क्लबने जोटाची 20 नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. शुक्रवार होता, म्हणजे नवे अल्बम येण्याचा दिवस. त्याच दिवशी क्लिप्स या रॅप जोडीचा 'लेट गॉड सॉर्ट एम आउट' आला. पुशा टी आणि मॅलिस, सख्खे भाऊ, सोळा वर्षांनी एकत्र. मी तो रॅप ऐकायचा म्हणून लावला. फॅरेल विल्यम्सचे बीट्स, दोघांची जुनी धार, एवढीच अपेक्षा होती. पण पहिलंच गाणं त्यांच्या आईवडिलांवर आहे. दोघेही काही महिन्यांच्या अंतराने गेले होते. धाकटा आईशी बोलतो, थोरला वडिलांशी. थोरल्याच्या कडव्यात तो वडिलांच्या दाराशी उभा आहे, गाडी बाहेर आहे आणि आतून उत्तर येत नाही. मी तिथेच थांबवलं. त्या दिवशी पुढचं ऐकलं नाही.

हे तुला सांगावं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. काकांना जाऊन अजून दोनच महिने झालेत. तू तेव्हा काही बोलला नाहीस आणि मलाही काय बोलावं सुचलं नाही. मी नुसता तुझ्याजवळ बसून होतो. पण ते गाणं मला खूप खरं वाटलं. ते दोघे रडून दाखवत नाहीत. ते बारीकसारीक गोष्टी आठवतात, शेवटच्या दिवसांत आई काय सुचवत होती आणि आपल्या ते कसं लक्षात आलं नाही, असं सगळं. तुला ऐकावंसं वाटेल तेव्हा ऐक. एकट्याने ऐकू नकोस एवढंच सांगेन. मला सांग, आपण एकाच वेळी लावू. बाकीचा अल्बमही मजबूत आहे, पण त्यावर नंतर बोलू, ती घाई नाही.

मग रविवार, 13 जुलै, प्रेस्टनविरुद्धचा सामना. डीपडेल हे जुनं, आटोपशीर मैदान. सामन्याआधी 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' झालं, प्रेस्टनच्या कॅप्टनने आपल्या लोकांसमोर पुष्पचक्र ठेवलं, मग शांतता. त्यानंतर आपल्या स्टँडने जोटाचं गाणं धरलं ते सोडलंच नाही. तेच, 'बॅड मून रायझिंग'च्या चालीवरचं, 20 नंबरवालं. 1969 सालचं, क्रीडन्स बँडचं ते गाणं. त्याची मूळ चाल किती आनंदी आहे आणि शब्द किती अपशकुनी आहेत, हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. आपल्या लोकांनी त्यावर आनंदाचे शब्द बसवले होते, आणि आता ते आनंदाचे शब्द गाताना लोकांचे डोळे भरत होते. सामना सुरू असताना, गोल झाल्यावर, शिट्टी वाजून गेल्यावरही तेच चालू होतं.

ब्रॅडलीने पहिला गोल केला. दुसरा नुनेझचा, आणि त्याने जोटासारखंच सेलिब्रेशन केलं. शेवटी गाकपो. 3-1. मला स्कोअर पाठ आहे. हा धरत नाहीत तो सामना, आणि गेल्या मोसमातले कित्येक धरलेले सामने मी विसरून गेलोय.

आता तुझ्या एका मेसेजचं उत्तर. हाँगकाँगमध्ये मिलानविरुद्ध आपण 4-2 हरलो तेव्हा तू सामना न पाहता, निकाल वाचून लिहिलंस, "दहा कोटी पौंडांचा माणूस दिसला तरी का?" नव्याने घेतलेल्या व्हिर्ट्झसाठी दहा कोटी मोजलेत हे खरं, वर कामगिरीप्रमाणे आणखी एक कोटी साठ लाख. पण मी तो सामना पाहिलाय. तो चेंडू घेऊन वळतो तेव्हा मान आधीच वर असते. पास जातो तिथे आपलं माणूस दोन पावलं उशिरा पोहोचतं, कारण हा असा पास देईल हे अजून कोणाला माहीत नाही. ती दोन पावलं भरून काढायलाच तर हे सामने असतात. चार दिवसांनी योकोहामात आपण एका गोलने मागे होतो आणि बरोबरीचा गोल त्यानेच केला. 3-1 जिंकलो. बचाव फळीची मला काळजी आहे, ती लपवत नाही. हाँगकाँगमध्ये चेंडू गेला की मागे सगळं मोकळं पडत होतं. पण व्हिर्ट्झबद्दल मी आत्ताच निकाल देणार नाही, आणि तूही देऊ नकोस.

अल्बमचंही आपलं हेच भांडण आहे. तू पहिल्या ऐकण्यात ठरवून मोकळा होतोस. मी तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत काही म्हणत नाही. पहिल्यांदा मी फक्त आवाज ऐकतो, दुसऱ्यांदा जागा कळतात, तिसऱ्यांदा कुठे ते माझ्याशी बोलायला लागतं. पल्प बँडचा 'मोर' घे. 24 वर्षांनी आलेला अल्बम. जूनमध्ये पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, जुन्याचीच आठवण. तिसऱ्यांदा कळलं की हा म्हातारं होण्याबद्दलचा अल्बम आहे, आणि त्यात लाज नाही, घाई नाही. बासवादक स्टीव्ह मॅकी 2023 मध्ये गेला, अल्बम त्याला अर्पण केलाय. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रेकॉर्डिंग तीनच आठवड्यांत झालं, कारण यातली काही गाणी ते आधीच लोकांसमोर वाजवून बसले होते. गाण्यांचा प्रीसीझन झालेला होता!

हसू नकोस, ही जुनी रीत आहे. पिंक फ्लॉइडने 'द डार्क साइड ऑफ द मून' 20 जानेवारी 1972 ला ब्रायटनमध्ये पहिल्यांदा वाजवायला घेतला आणि यंत्रणा बिघडल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. रेकॉर्ड बाजारात आली मार्च 1973 मध्ये. मधलं सगळं वर्ष ते तो लोकांसमोर वाजवत होते, बदलत होते. त्या पहिल्या रात्रीचा निकाल कोणी तिथेच लावून टाकला असता तर? मी तिथे असतो तर मला ती अर्धवट रात्र हवी होती. तयार झालेली वस्तू सगळ्यांनाच मिळते.

वेट लेग बँडचा 'मॉइश्चरायझर'ही 11 जुलैचाच. पहिल्या अल्बमच्या वेळी त्या दोघीच होत्या. बरोबर दौरे करणारे तिघे आता बँडचेच झालेत आणि गाणी पाचांनी मिळून लिहिलीत. ते ऐकू येतं. दौऱ्यावर नेलेली राखीव मुलं मुख्य संघात येतात तसं. रॅपर टायलर, द क्रिएटरचा 'डोन्ट टॅप द ग्लास' अर्ध्या तासाहून छोटा आहे, बसून ऐकूच नकोस, चालताना ऐक.

आता सोल. 3 ऑगस्ट, टॉटनहॅम विरुद्ध न्यूकॅसल. आपला संघ नाही, तरी मी पाहिला, कारण टॉटनहॅमच्या सोन ह्युंग-मिनने आदल्या दिवशी सांगून टाकलं होतं की तो क्लब सोडतोय. दहा वर्षं, 454 सामने, 173 गोल, आणि मे महिन्यात बिल्बाओला अखेर हातात आलेली युरोपा लीग. शेवटचा सामना त्याच्याच देशात, त्याच्याच लोकांसमोर, आणि तोही फ्रेंडली. दुसऱ्या हाफमध्ये त्याला बाहेर बोलावलं तेव्हा दोन्ही संघांचे खेळाडू रांगेत उभे राहिले. न्यूकॅसलचेसुद्धा! लीगच्या सामन्यात हे होऊच शकत नाही, तिथे घड्याळ चालू असतं. इथे घड्याळाला कोणी विचारत नव्हतं. तो बाकावर जाऊन बसला आणि रडला, आणि स्टेडियम उभं होतं. मला तेव्हा वाटलं, सामना धरत नव्हते म्हणून त्याला एवढा वेळ मिळाला.

त्याच सामन्यात टॉटनहॅमच्या मॅडिसनला स्ट्रेचरवरून नेलं. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. सीझन सुरू होण्याआधीच त्याच्यासाठी जवळजवळ संपला. हेही त्याच न धरलेल्या नव्वद मिनिटांत. पुढे कधी कोणी म्हणालं की या सामन्यांत काही पणाला लागत नाही, तर मी त्या स्ट्रेचरची आठवण करून देईन.

आणि आपला रिओ न्गुमोहा! हे नाव लिहून ठेव. सोळा वर्षांचा आहे, 29 ऑगस्टला सतरा पूर्ण होतील. योकोहामात शेवटी शेवटी गोल केला. मग 4 ऑगस्टला अॅनफिल्डवर अॅथलेटिक बिल्बाओशी एकाच संध्याकाळी पाठोपाठ दोन सामने होते. पहिला सुरू होऊन दोन मिनिटं होत नाहीत तोच डावीकडून चेंडू घेऊन निघाला आणि थेट गोल. लगेच नुनेझलाही गोल करून दिला. त्या पोराला कुणी सांगितलंच नसावं की हा सामना धरत नाहीत. त्याचं पळणं बघून मी खुर्चीतून उठलो, तुला फोन लावायला मोबाइल उचलला आणि मग तुझा मेसेज आठवला. ठेवून दिला.

लुईस दियास बायर्नला गेला, नुनेझही आता गेला. एकिटिके आलाय, परवा वेम्बलीवर कम्युनिटी शील्डच्या, म्हणजे लीगआधीच्या एका सामन्याच्या ट्रॉफीच्या, लढतीत चौथ्या मिनिटालाच गोल केलाय. आपण दोनदा पुढे जाऊनही क्रिस्टल पॅलेसने पेनल्टींवर आपल्याला हरवलं. कम्युनिटी शील्ड धरतात की नाही, हे काकांना काय उत्तर दिलं असतं मी? "अर्धी धरतात" म्हणालो असतो. ते खळखळून हसले असते.

शुक्रवारी सामना सुरू झाला की मी तुला फोन लावणार नाही. तुझा वेळ तू घे. पण विसाव्या मिनिटाला, जोटाच्या 20 नंबरसाठी, अॅनफिल्ड त्याचं ते गाणं म्हणेल, तेव्हा लावीन. उचल. बोलायचं काही नाही, तुझ्याकडचा टीव्ही बंद असला तर माझ्याकडचा आवाज तुला ऐकू येईल एवढा मोठा करून ठेवतो.

तुझाच