सर्व्हर स्वतःचा असावा, पण घरात नसावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऐरोली, रबाळे, महापे, चांदिवली या भागांत उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांच्या, म्हणजे वेबसाइट पुरवणारे संगणक (सर्व्हर) ठेवण्याच्या इमारतींच्या, बातम्या वरचेवर येतात. त्या वाचून संगणक शिकलेल्या अनेक तरुणांच्या मनात येते की शाळा, वाचनालये, पतसंस्था, दिवाळी अंक, छोटे दुकानदार यांच्या वेबसाइट आपल्याच सर्व्हरवर ठेवण्याचा व्यवसाय का करू नये? जरूर करावा. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि इंटरनेट कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडणारे ‘निक्सी’ या संस्थेचे इंटरनेट एक्स्चेंजही इथे आहे. मुंबईतल्या सर्व्हरवरचे पान दादरला किंवा लातूरला चटकन उघडते. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत एक फेरी मारायलाच दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात. तेव्हा इथल्या माणसाला इथे सेवा देण्यात अर्थ आहे. मात्र सुरुवात बरेच जण चुकीच्या टोकाने करतात. लॅमिंग्टन रोडवरून जुना सर्व्हर आणायचा, बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवायचा, घरचे फायबर जोडायचे आणि ग्राहक घ्यायचे. हा मार्ग का टिकत नाही, ते सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र.

पहिली अडचण घरच्या इंटरनेटची. बहुतेक घरगुती जोडण्यांवर स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा क्रमांक, नसतो. एकाच पत्त्यामागे अनेक घरे असतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत कोणी पोहोचूच शकत नाही. जादा पैसे भरून स्थिर पत्ता मिळाला तरी ईमेल पाठवण्याचे ठरलेले दार, म्हणजे पोर्ट २५, अनेकदा बंद असते, आणि त्या पत्त्याची उलटी नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी), म्हणजे पीटीआर, तुमच्या नावाने लावून मिळत नाही. ती नसली की मोठ्या सेवा तुमचे ईमेल परत पाठवतात. यावर उपाय म्हणून लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठीची जोडणी, घ्यावी, तर रस्ता खणताना ती तुटते तेव्हा दुसरी वाट नसते. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या तरी इमारतीत शिरताना त्या बहुधा एकाच पाइपातून येतात.

दुसरी अडचण विजेची. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली होती. ‘मुंबईत वीज जात नाही’ या भरवशावर व्यवसाय उभा करता येत नाही, हे त्या दिवशी कळायला हवे होते. हिशेब करून पाहा. दोन सर्व्हर आणि त्यांना जोडणारा एक नेटवर्क स्विच मिळून ७०० वॅट धरा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत कागदावर ३.६ युनिट मावतात. शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, इन्व्हर्टरमध्ये पंधरा टक्के जाते, म्हणजे नव्या बॅटरीवर जेमतेम दोन तास. दोन वर्षांनी त्याहून कमी. एसी तर यूपीएसवर नसतोच. बंद खोलीत ७०० वॅटची उष्णता साठत जाते आणि बॅटरी संपण्याआधीच यंत्रे तापून बंद पडू शकतात. सोसायटीत डिझेल जनरेटर लावणे जवळजवळ अशक्य. पावसाळ्यातला दमटपणा आणि किनाऱ्याजवळची खारी हवा कनेक्टरांवर गंज चढवते, तो वेगळाच. शिवाय एक यू (सर्व्हर ठेवायच्या रॅकमधला, म्हणजे कपाटातला, एक खण) उंचीच्या सर्व्हरचे छोटे पंखे मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेऊ शकतात. त्या आवाजात घरात कोणी झोपू शकत नाही.

म्हणून सर्व्हर स्वतःचा घ्यावा, पण डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत ठेवावा. याला को-लोकेशन म्हणतात. पूर्ण रॅक बहुधा ४२ यूचा असतो; सुरुवातीला दोन ते चार यू पुरतात. जागा ठरवताना भाड्याच्या आकड्याआधी विजेचे विचारावे: किती अँपिअर, दोन स्वतंत्र फीड, म्हणजे वीज येण्याच्या वाटा, आहेत का, आणि मर्यादा ओलांडली तर काय. सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, एक ‘ए’ फीडवर आणि दुसरा ‘बी’ फीडवर. दोन्ही फीड ६ अँपिअरचे आणि प्रत्येकावर ४ अँपिअर चालू आहेत, म्हणून नवा माणूस निश्चिंत असतो. एक फीड गेला की सगळे ८ अँपिअर दुसऱ्यावर येतात, त्याचा ब्रेकर पडतो आणि दोन फीड असूनही पूर्ण रॅक बंद. दोन्हींची बेरीज एका फीडच्या मर्यादेत, तीही ऐंशी टक्क्यांच्या आत बसली पाहिजे.

बँडविड्थचे, म्हणजे डेटाच्या वाहतुकीचे, बिल अनेक ठिकाणी ‘पंच्याण्णव टक्के’ पद्धतीने लावतात. दर पाच मिनिटांनी वापर मोजतात. ३० दिवसांत ८,६४० नोंदी होतात. त्यांतल्या सर्वांत जड ४३२ नोंदी, म्हणजे ३६ तास, सोडून देतात आणि त्याखालच्या नोंदीवर बिल येते. रोज रात्री तासभर पूर्ण वेगाने बॅकअप केला तर महिन्याला ३० तास त्यातच जातात आणि शाळेच्या निकालासारख्या गर्दीच्या दिवसासाठी उरतात फक्त सहा. बॅकअपचा वेग बांधून ठेवावा. जागा निवडताना पुराचाही विचार करावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. डेटा सेंटरच्या बॅटऱ्या, जनरेटर आणि डिझेलच्या टाक्या कोणत्या मजल्यावर आहेत, हे जाऊन डोळ्यांनी पाहावे.

यंत्र वापरलेले घेतले तरी हरकत नाही, पण तपासून. दोन पॉवर सप्लाय, ईसीसी रॅम (स्मृतीतल्या चुका स्वतः दुरुस्त करणारी) आणि दुरून चालू-बंद करण्याची सोय (आयड्रॅक किंवा आयलो) हवीच. ती नसेल तर साध्या रीस्टार्टसाठीही गेटपास काढून महाप्याला जावे लागते किंवा तिथल्या तंत्रज्ञाचे तासावारी पैसे भरावे लागतात. ही सोय मात्र कधीही उघड्या इंटरनेटवर ठेवू नये, व्हीपीएनच्या, म्हणजे खासगी जोडणीच्या, मागेच ठेवावी. रेड (RAID) कार्डाची, म्हणजे डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची, बॅटरी मेलेली असेल तर लिहिण्याचा वेग एकदम पडतो. जुन्या सर्व्हरसोबत रेल, म्हणजे रॅकमध्ये बसवायच्या पट्ट्या, बहुधा येत नाहीत, आणि रेलशिवाय तो रॅकमध्ये नीट बसत नाही. रॅकमधल्या विजेच्या पट्टीला आपला तीन पिनांचा प्लग चालत नाही, सी१३-सी१४ केबल लागते. या दोन गोष्टी विसरल्या की पहिलीच फेरी फुकट.

डिस्क तेवढ्या नव्या घ्याव्यात, सर्व्हरसाठी बनवलेल्या, वीज गेल्यावर हातातले लिखाण पूर्ण करणाऱ्या. दोन डिस्क आरशासारख्या (एकीवरचे सगळे दुसरीवरही लिहिले जाईल अशा) जोडल्या तरी त्या एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच बॅचच्या नसाव्यात. २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने स्वतःच जाहीर केले होते की त्यांच्या काही एसएसडी डिस्क फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या आतल्या प्रोग्राममधल्या) चुकीमुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर निकामी होतात. एकाच वेळी सुरू केलेल्या दोन्ही डिस्क तासाभराच्या आत गेल्या तर आरसा काय कामाचा?

आयपी पत्त्यांसाठी घाई नको. आज एका पत्त्यावर शेकडो साइट प्रत्येकाच्या स्वतंत्र सुरक्षा प्रमाणपत्रासह (https साठीच्या) चालतात. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची प्रमाणपत्रे फुकट मिळतात. डेटा सेंटरकडून आठ पत्ते घेतले तरी पहिली दोन वर्षे निघतात. घेण्याआधी ते पत्ते स्पॅमच्या काळ्या यादीत आहेत का ते पाहावे. पुढे स्वतःचे पत्ते हवे असतील तर आयरिनकडे, म्हणजे निक्सीच्याच नोंदणी विभागाकडे अर्ज करावा. नेमसर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे) मात्र पहिल्या दिवसापासून दोन हवेत, आणि दुसरा वेगळ्या शहरात, वेगळ्या नेटवर्कवर.

एका यंत्रावर किती साइट बसतील? वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या प्रणालीची एक पीएचपी प्रक्रिया, म्हणजे पान बनवणारे एक चालू काम, ६० ते १०० एमबी रॅम खाते. १२८ जीबीच्या यंत्रात डेटाबेसला ३२ आणि फाइल कॅशला तेवढीच ठेवली तरी सहाशेच्या आसपास प्रक्रिया एका वेळी मावतात. प्रोसेसर त्याआधी दमतो. आमच्या मते छोट्या साइट असल्या तरी एका यंत्रावर दोनशेच्या पुढे जाऊ नये, कारण यंत्र बंद पडले की तितके फोन एकदम वाजतात आणि ते उचलायला एकच माणूस असतो. दर ठरवतानाही हाच आकडा समोर ठेवावा. समजा जागा, बँडविड्थ, ग्राहकांची खाती सांभाळणाऱ्या पॅनेलचा परवाना, बाहेरचा बॅकअप आणि यंत्राची झीज मिळून महिना ३५,००० रुपये खर्च आहे आणि वर्षाला ३,००० रुपये घेता, म्हणजे ग्राहकामागे महिना २५०. फक्त खर्च भरून निघायला १४० ग्राहक लागतात. तुमचा स्वतःचा पगार त्यानंतर. परदेशी कंपन्यांच्या ‘पहिले वर्ष ९९ रुपये महिना’ या दराशी स्पर्धा करू नये. तुमच्याकडे विकण्यासारखे आहे ते रात्री अकरा वाजता मराठीत फोन उचलणे. जाहिरातीत ‘९९.९९ टक्के चालू’ असेही लिहू नये. त्याचा अर्थ ३० दिवसांत फक्त ४ मिनिटे १९ सेकंद बंद, आणि कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) एक साधा अपडेट तेवढा वेळ घेतो. ९९.९ म्हणजे ४३ मिनिटे. तेवढे पाळता येते.

आता बॅकअप. आरशातल्या डिस्कला कोणी बॅकअप समजू नये. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच पुसली जाते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले, आणि ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचे तेही गेले. एक प्रत रॅकमध्येच वेगळ्या यंत्रावर, दुसरी पुण्यात किंवा नागपुरात. दोन्ही लागतात, कारण १०० एमबीपीएसच्या लाइनवरून ५०० जीबी परत आणायला अकरा तासांहून जास्त वेळ जातो. बॅकअप सर्व्हरने मुख्य सर्व्हरवरून ओढून घ्यावा. मुख्य सर्व्हरकडे बॅकअप पुसण्याचा अधिकार असला तर घुसखोर आधी तोच वापरतो. आणि महिन्यातून एकदा कोणतीही एक साइट खरोखर परत उभी करून पाहावी.

मराठी साइट दुसरीकडून आणताना एक खास धोका असतो आणि तो मोठ्या कंपन्यांचा मदत कक्ष समजून घेत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये २०१८ ची ८.० आवृत्ती येईपर्यंत मूळ अक्षरसंच लॅटिन१ (युरोपीय अक्षरांचा) होता. जुन्या साइटनी त्यातच यूटीएफ-८ मधले (सर्व लिप्यांच्या अक्षरसंचातले) मराठी भरले. डेटाबेसला ते युरोपीय अक्षरे वाटतात, पण पानावर मराठी नीट दिसते, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. नव्या सर्व्हरवर नेहमीच्या पद्धतीने प्रत नेली की प्रत्येक अक्षराचे दोनदा रूपांतर होते आणि मराठीच्या जागी फ्रेंच वळणाची विचित्र चिन्हे येतात. अशा वेळी प्रत काढतानाच अक्षरसंच लॅटिन१ सांगावा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर पडतात. मग त्या फाइलमधली अक्षरसंचाची नावे बदलून यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधला पूर्ण यूटीएफ-८) करावी आणि नंतरच ती भरावी. विचित्र चिन्हे दिसली तर मजकूर बहुधा परत मिळतो. प्रश्नचिन्हे दिसली तर तो गेला. जुन्या सर्व्हरवरची प्रत तोवर पुसलेली नसावी. म्हणून स्थलांतरानंतर निदान तीस दिवस जुने खाते बंद करू नये आणि डीएनएसचा टीटीएल (साइटचा जुना पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत) दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणावा.

ईमेल साइटपासून वेगळ्या पत्त्यावर ठेवावे. ग्राहकाचा एक जुना प्लगइन (साइटचा जोडप्रोग्राम) फुटला की रातोरात हजारो स्पॅम जातात आणि तुमचा पत्ता काळ्या यादीत जातो. शिक्षा बाकीच्या सगळ्या ग्राहकांना. प्रत्येक खात्याला तासाला शंभर ईमेलची मर्यादा घालावी, आणि एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, ईमेल खरे कोणाचे ते पटवणाऱ्या, नोंदी लावाव्यात.

कायद्याकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, लॉग (सर्व्हरच्या कामाच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात आणि घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवावी लागतात. आभासी सर्व्हर (एकाच यंत्राचे भाग करून दिलेले) विकणाऱ्यांना ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क ही माहिती पडताळून घ्यावी लागते आणि तो सोडून गेल्यावरही पाच वर्षे ठेवावी लागते. हा जाच वाटू शकतो, पण बँकांची खोटी पाने लावणारे नव्या होस्टिंगवाल्यांकडेच आधी येतात. पहिल्या वर्षात एकही खाते आपोआप सुरू होऊ देऊ नये; फोनवर बोलून, कागद पाहूनच सुरू करावे. सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. उलाढाल २० लाखांच्या आत असली तरी नोंदणीचा विचार करावा, कारण त्याशिवाय सर्व्हर आणि भाड्यावर भरलेला कर वळता करून मिळत नाही.

एक मागणी या पत्राच्या निमित्ताने आहे. डेटा सेंटरवाल्यांशी एक-दोन यू जागेसाठी बोलायला गेले तर अनेकदा पूर्ण किंवा अर्ध्या रॅकचाच दर सांगितला जातो, आणि दरपत्रक जाहीर नसते. डेटा सेंटरांना सवलती देताना सरकारने निदान एवढी अट घालावी की प्रत्येक केंद्रात काही रॅक एक-एक यू करून द्यावेत आणि त्यांचे विजेसह, क्रॉस-कनेक्टसह (केंद्रातल्या केंद्रात जोडणाऱ्या केबलसह) पूर्ण दर संकेतस्थळावर लावावेत. आपल्या वृत्तपत्राने हा प्रश्न संबंधित विभागापुढे मांडावा, ही विनंती.

आपले,
सर्व्हर आणि नेटवर्कचे काम करणारे काही वाचक,
मुंबई