कोपानच्या स्तंभावर हत्ती नाही, पोपट आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ‘माया संस्कृतीतील गणपती’ या विषयावरचा लेख वाचला. मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात कोपान या प्राचीन माया लोकांच्या नगरात एका शिलास्तंभावर वरच्या बाजूला सोंडा दिसतात, त्यांवर मुंडासे बांधलेले माहूत बसले आहेत, म्हणजे गजानन तिथवर पोचला होता, असे लेखक म्हणतात. मी तीस वर्षे मुलांना चित्रकला शिकवली. अर्थ लावण्याआधी नीट पाहा, एवढेच मी त्यांना सांगत आले.

हत्तीच्या नाकपुड्या सोंडेच्या टोकाशी असतात. इथे नाकपुडी अगदी मुळाशी, डोळ्याजवळ कोरली आहे. ती मकाव पोपटाची बाकदार चोच आहे. लालभडक मकाव त्या रानातला नेहमीचा पक्षी. कोपानच्या चेंडूच्या खेळाच्या मैदानातही त्याचीच दगडी मुंडकी बसवली आहेत. मुंडाशाचे म्हणाल, तर कोपानचे राजेही शिल्पांत तसेच मुंडासे घालतात.

हा हत्तीचा तर्क जुनाच आहे. ग्राफ्टन इलियट स्मिथ या शरीररचनाशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. तेव्हा माया लिपी फारशी वाचता येत नव्हती, आज येते. इ. स. ७३१ च्या या स्तंभावरच्या मजकुरात ‘मकाव पर्वता’चे नाव आहे. स्तंभाच्या पाठीवर डोंगराचा भलामोठा मुखवटा आहे, कारण माया लोकांना डोंगर सजीव वाटे आणि गुहा हे त्याचे तोंड. स्तंभाच्या पुढच्या बाजूला कोरलेला राजा त्या पवित्र डोंगराच्या मुखात उभा आहे. केवढी भव्य कल्पना! तिच्यावर आपण परस्पर शेंदूर कशाला फासायचा?

युरोपातले जुने प्रवासी आपल्या चतुर्भुज मूर्तींना राक्षस म्हणत, कारण आपली पुराणे त्यांना ठाऊक नव्हती. ते वाचताना आजही मन दुखावते. माया लोकांचे वंशज कोपानच्या परिसरात आजही राहतात. त्यांच्या पूर्वजांचा देव त्यांचाच राहू द्यावा. आपला बाप्पा त्याने तिळभरही लहान होत नाही.

पुढच्या रविवारी त्या चोचीचे जवळून घेतलेले छायाचित्र आणि शेजारी मकावचे छायाचित्र छापावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षिका, सातारा